विद्युत पिकअप ट्रक

विद्युत पिकअप ट्रक (विद्युत पिकअप किंवा ई-पिकअप) हे बॅटरीतील विजेवर चालणारे, पुढे चालककक्ष आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन होय. भारतात पिकअप हे मुख्यतः व्यावसायिक मालवाहतुकीचे साधन आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत ते खासगी कुटुंबाचे वाहन म्हणूनही वापरले जाते. त्यामुळे विद्युत पिकअपच्या व्यवहार्यतेचे निकष दोन्हीकडे वेगळे आहेत. अमेरिकेत लांब पल्ला आणि ओढण्याची ताकद यांना महत्त्व दिले जाते. भारतात खरेदीची किंमत, दर किलोमीटर खर्च आणि भारक्षमता हे प्रश्न प्रथम येतात.

महाराष्ट्रात २०२३ पासून चारचाकी विद्युत मालवाहू वाहने नियमित विक्रीस उपलब्ध झाली. सुरुवातीला त्यांचा वापर मोठ्या शहरांतील घरपोच वितरणापुरता मर्यादित होता. मराठवाड्यासारख्या ग्रामीण भागात ही वाहने कितपत उपयोगी ठरतील, हे रोजची धाव, हंगामी वाहतूक, गावातील वीजपुरवठा आणि वाहनमालकाचे कर्ज या चार बाबींवर अवलंबून आहे.

## संज्ञा आणि वर्गीकरण

भारतीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू चारचाकींचे वर्गीकरण एकूण वजनावरून, म्हणजे वाहन आणि माल यांच्या एकत्रित कमाल वजनावरून केले जाते. साडेतीन टनांपर्यंतची वाहने ‘एन-१’, साडेतीन ते बारा टनांपर्यंतची ‘एन-२’ आणि त्यापुढील ‘एन-३’ या गटात मोडतात. सर्व छोटी मालवाहू वाहने आणि बहुतेक पिकअप एन-१ गटातील आहेत.

बोलीभाषेत या गटातील वाहनांना स्वतंत्र नावे आहेत. २००५ साली बाजारात आलेली ‘टाटा एस’ ही गाडी महाराष्ट्रात ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाते. ग्रामीण भागात नुसते ‘पिकअप’ म्हटले की बहुधा ‘महिंद्रा बोलेरो पिकअप’ असा अर्थ घेतला जातो. पहिली गाडी साधारण पाऊण ते एक टन माल नेते, तर दुसरी मॉडेलनुसार सव्वा ते पावणेदोन टन. विद्युत वाहनांच्या संदर्भात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बाजारात आलेली बहुतेक विद्युत वाहने ‘छोटा हत्ती’च्या वर्गातील आहेत.

## इतिहास

विजेवर चालणारे मालवाहू वाहन ही नवी कल्पना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिका व युरोपमधील शहरांत विद्युत ट्रक वापरात होते. ब्रिटनमध्ये घरोघरी दूध पोहोचवणाऱ्या विद्युत गाड्या अनेक दशके चालल्या. ठरलेला मार्ग, कमी वेग, वारंवार थांबे आणि रात्री एकाच आगारात मुक्काम ही त्या वापराची वैशिष्ट्ये होती. शिसे-आम्ल बॅटरीच्या मर्यादा असूनही या गाड्या टिकल्या, त्या याच कारणांमुळे. आजही विद्युत मालवाहतूक याच परिस्थितीत सर्वाधिक यशस्वी ठरते.

लिथियम-आयन बॅटरी स्वस्त झाल्यानंतर मोठ्या पिकअपचा विचार सुरू झाला. अमेरिकेत रिव्हियन कंपनीची ‘आर-वन-टी’ सप्टेंबर २०२१ मध्ये, फोर्डची ‘एफ-१५० लाइटनिंग’ २०२२ मध्ये आणि टेस्लाची ‘सायबरट्रक’ नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांच्या हाती आली. सायबरट्रकची २०१९ मध्ये जाहीर झालेली प्रारंभिक किंमत ३९,९०० डॉलर होती. प्रत्यक्ष विक्री सुरू झाली तेव्हा ती बरीच वाढली होती. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने पूर्णतः विजेवर चालणाऱ्या लाइटनिंगचे उत्पादन थांबवून तिच्या जागी बॅटरीला इंधनावरील जनित्राची जोड असलेले वाहन आणण्याचे जाहीर केले. जड माल किंवा मागे जोडलेली गाडी ओढताना पल्ला मोठ्या प्रमाणावर घटणे आणि मोठ्या बॅटरीमुळे किंमत वाढणे, या दोन अडचणी अमेरिकी अनुभवात ठळकपणे दिसल्या. आशियात चीनमधील ‘रडार’ तसेच थायलंडमधील इसुझू व टोयोटा यांनीही विद्युत पिकअप बनवल्या आहेत.

भारतात विद्युत मालवाहतुकीची सुरुवात तीनचाकींपासून झाली. महिंद्राची ‘ट्रिओ झोर’ ऑक्टोबर २०२० मध्ये आली. बारामती येथे कारखाना असलेल्या पियाजिओने ‘आपे’ या तीनचाकीची विद्युत मालवाहू आवृत्ती आणली, तर बजाज ऑटोनेही विद्युत मालवाहू तीनचाकी बाजारात उतरवली. यांची भारक्षमता साधारण अर्ध्या टनाच्या आसपास असते.

## भारतातील चारचाकी विद्युत मालवाहू वाहने

टाटा मोटर्सने ५ मे २०२२ रोजी ‘एस ईव्ही’ सादर केली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचे वितरण सुरू केले. तिच्यात २१.३ किलोवॅट-तास क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि २७ किलोवॅटची मोटर आहे. भारक्षमता ६०० किलो आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर आहे. सादरीकरणाच्या वेळीच ऑनलाइन विक्री आणि वितरण क्षेत्रातील कंपन्यांशी ३९,००० वाहनांसाठी सामंजस्य करार झाले. या वाहनाचा पहिला ग्राहक स्वतःची एकच गाडी चालवणारा वाहनमालक नव्हता. तो मोठा ताफा बाळगणारी कंपनी होता, हे यातून स्पष्ट होते.

मे २०२४ मध्ये एक टन भारक्षमतेची ‘एस ईव्ही १०००’ आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राने ‘झिओ’ ही गाडी ७.५२ लाख रुपये प्रारंभिक किमतीस आणली. तिची भारक्षमता ७६५ किलोपर्यंत आहे. अशोक लेलँड समूहातील स्विच मोबिलिटीने ‘आयईव्ही-३’ आणि ‘आयईव्ही-४’ ही अनुक्रमे सुमारे १.२ व १.७ टन भारक्षमतेची वाहने आणली, तर ऑयलर मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही १,२५० किलो भारक्षमतेची गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये आली. जून २०२५ मध्ये टाटाने ‘एस प्रो’ ही ७५० किलो भारक्षमतेची गाडी एकाच वेळी पेट्रोल, द्वि-इंधन आणि विद्युत अशा तीन आवृत्त्यांत सादर केली. सुरुवातीच्या किमती अनुक्रमे ३.९९ लाख, ४.९९ लाख आणि ६.५० लाख रुपये होत्या. एकाच गाडीच्या तीन आवृत्त्या उपलब्ध असल्यामुळे इंधनानुसार खर्चाची तुलना करणे सोपे झाले.

## रचना आणि कार्य

विद्युत पिकअपमध्ये इंजिन, क्लच, गिअरपेटी, धुराडे आणि इंधनाची टाकी नसते. त्यांची जागा बॅटरी, विद्युत मोटर, तिचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि चार्जर घेतात. बॅटरी सहसा हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांमध्ये बसवली जाते.

* ओढ: मोटर जागेवरूनच पूर्ण ओढ देते. त्यामुळे भरलेली गाडी उभ्या स्थितीतून किंवा चढावर हलवताना त्रास होत नाही.
* ऊर्जेची पुनर्प्राप्ती: वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी काम करते आणि काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. वारंवार थांबे असलेल्या मार्गावर याचा फायदा अधिक होतो. मोकळ्या महामार्गावर तो नगण्य असतो.
* उष्णता: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी इतर लिथियम बॅटऱ्यांच्या तुलनेत उष्णतेत अधिक स्थिर मानली जाते. तरीही अतिउष्ण हवेत सतत जलद चार्जिंग केल्यास बॅटरीचे आयुष्य घटते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४२ अंश सेल्सियसच्या वर जातो, म्हणून तेथे सावलीत आणि रात्री संथ चार्जिंग करणे हितकारक ठरते.
* देखभाल: इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट यांचा खर्च राहत नाही. टायर, ब्रेक, पाटे आणि बेअरिंग यांची झीज मात्र इतर गाड्यांप्रमाणेच होते. इलेक्ट्रॉनिक बिघाड गावातील मेस्त्रीला दुरुस्त करता येत नाही; त्यासाठी अधिकृत सेवा केंद्र गाठावे लागते.

## शासकीय धोरण

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्युत परिवहन वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट दिली. अशा वाहनांची क्रमांकपट्टी हिरव्या रंगाची असून त्यावरील अक्षरे पिवळी असतात. ऑगस्ट २०२१ पासून त्यांना नोंदणी शुल्कही माफ आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, तीनचाकी, बस, रुग्णवाहिका आणि ट्रक यांचा समावेश आहे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तपशिलानुसार ट्रकसाठीचे प्रोत्साहन एन-२ आणि एन-३ या गटांना देण्यात आले. परिणामी मालवाहू तीनचाकी आणि मोठा ट्रक यांच्यामध्ये असलेली, ग्रामीण भागात सर्वाधिक वापरली जाणारी एन-१ गटातील पिकअप या तरतुदीच्या बाहेर राहिली.

महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. त्यानंतरचे ‘महाराष्ट्र विद्युत वाहन धोरण २०२५’ राज्य मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ रोजी मंजूर केले. त्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत असून त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. मालवाहू तीनचाकी, हलकी मालवाहू चारचाकी वाहने आणि विद्युत ट्रॅक्टर यांना मूळ किमतीच्या १५ टक्के सवलत, तसेच राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर चार्जिंग केंद्र, या तरतुदी पिकअपच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर लागू झालेली पथकरमाफी मात्र प्रवासी चारचाकी आणि बसपुरती आहे. विद्युत मालवाहू वाहनांना ती मिळत नाही.

## व्यवहार्यता

### पल्ला आणि भार

प्रमाणित पल्ला ठरावीक चाचणी परिस्थितीत मोजलेला असतो. पूर्ण भार, खराब रस्ता, समोरचा वारा आणि जास्त वेग यांमुळे प्रत्यक्ष पल्ला कमी भरतो. नियोजन करताना प्रमाणित पल्ल्याचा दोन-तृतीयांश भागच हिशेबात धरणे सुरक्षित असते. १५४ किलोमीटर पल्ल्याच्या गाडीसाठी हे अंतर सुमारे १०० किलोमीटर होते.

बॅटरीचे वजन एकूण वजनातच मोजले जाते. त्यामुळे बॅटरी मोठी केल्यास पल्ला वाढतो. पण तेवढी भारक्षमता घटते आणि किंमत वाढते. शेतमालाच्या भाषेत सांगायचे तर ६०० किलोची गाडी सहा क्विंटल सोयाबीन नेते, एक टनाची दहा क्विंटल, आणि डिझेल पिकअप सतरा क्विंटलपर्यंत. कापसाची गोष्ट वेगळी आहे. सुटा कापूस वजनाने हलका पण आकाराने मोठा असल्याने हौदा आधी भरतो आणि वजनाची मर्यादा नंतर येते.

### खर्चाचा हिशेब

विद्युत वाहनाची किंमत जास्त आणि चालवण्याचा खर्च कमी असतो. म्हणून ते जितके जास्त चालेल तितके परवडते. पुढील हिशेब ‘एस प्रो’च्या सुरुवातीच्या किमतींवर आधारलेला असून दर आणि सरासरी उदाहरणादाखल गृहीत धरल्या आहेत.

* पेट्रोल आवृत्ती: लिटरला १८ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरल्यास दर किलोमीटर सुमारे ५.८० रुपये.
* विद्युत आवृत्ती: दर किलोमीटर ०.१३ युनिट आणि युनिटला १० रुपये धरल्यास सुमारे १.३० रुपये.
* बचत: दर किलोमीटर सुमारे ४.५० रुपये.
* किमतीतील फरक: २.५१ लाख रुपये. तो भरून निघण्यासाठी सुमारे ५६,००० किलोमीटर धाव आवश्यक.

वर्षाचे ३०० दिवस रोज ८० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हा फरक सुमारे दोन वर्षे चार महिन्यांत भरून निघतो. रोज सरासरी ३० किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला त्यासाठी सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. या हिशेबात व्याज, विमा, शासकीय सवलत आणि देखभालीतील बचत धरलेली नाही. व्याजामुळे हा कालावधी लांबतो, तर सवलत आणि देखभालीतील बचतीमुळे तो कमी होतो.

### कर्ज आणि पुनर्विक्री

बहुतेक लहान वाहनमालक गाडी कर्जावर घेतात आणि काही वर्षांनी विकून नवी घेतात. जुन्या डिझेल पिकअपला गावोगावी गिऱ्हाईक असते आणि तिची किंमत अनुभवाने ठरते. जुन्या विद्युत गाडीची किंमत बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेवर अवलंबून असते आणि ती नुसत्या डोळ्यांनी पाहून कळत नाही. उत्पादक बॅटरीला सात वर्षांपर्यंत हमी देतात. हमी संपल्यानंतर बॅटरी बदलण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा पुनर्विक्रीतील मुख्य प्रश्न राहतो. ताफा बाळगणारी कंपनी हा धोका अनेक गाड्यांत विभागू शकते. ज्याचे घर एका गाडीच्या भाड्यावर चालते, त्याला तो एकट्यानेच पेलावा लागतो.

## ग्रामीण मराठवाड्यातील स्थिती

### परभणी जिल्हा आणि इंधनाचा दर

परभणी शहरातील पेट्रोल व डिझेलचे दर राज्यात सर्वाधिक असल्याची नोंद अनेक वेळा झाली आहे. जिल्ह्याला इंधन मुख्यतः सुमारे ३०० किलोमीटरवरील मनमाडजवळच्या आगारातून टँकरने येते आणि वाहतुकीचा हा खर्च दरात मिळवला जातो. २०२१ मध्ये परभणीत साध्या पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपयांच्या पलीकडे गेला, तेव्हा हा मुद्दा राज्यभर चर्चेत आला. विजेचा दर मात्र महावितरणच्या क्षेत्रात सर्वत्र सारखा असतो. त्यामुळे इंधन आगारापासून दूर असलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यात विद्युत वाहनाची दर किलोमीटर बचत मुंबई-पुण्यापेक्षा थोडी अधिक भरते. विद्युत वाहने प्रथम महानगरांत पोहोचली असली, तरी इंधनाच्या खर्चाचा भार अशा जिल्ह्यांवर जास्त आहे.

### पेडगावचे उदाहरण

परभणी तालुक्यातील पेडगाव हे मनमाड–परभणी लोहमार्गावरील रेल्वे स्थानक असलेले गाव आहे. ते परभणी आणि मानवत रोड या स्थानकांच्या दरम्यान येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील भीमाकाठचे, बहादूरगडासाठी प्रसिद्ध असलेले पेडगाव वेगळे. परभणी शहर या गावापासून २५ किलोमीटरांच्या आत आहे, आणि कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे मानवतही जवळच आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही परिसरातील प्रमुख पिके आहेत.

अशा गावातील पिकअपच्या कामाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात आणि प्रत्येकासाठी विद्युत वाहनाची उपयुक्तता वेगळी आहे.

* रोजची ठरलेली फेरी: दूध, भाजीपाला, किराणा आणि पार्सल यांची परभणीपर्यंतची ने-आण. दिवसाला दोन फेऱ्या झाल्या तरी अंतर १०० किलोमीटरांच्या आत राहते आणि गाडी रात्री घरी येते. ६०० किलो भारक्षमतेत ४० लिटरचे सुमारे बारा दुधाचे कॅन बसतात. या कामासाठी सध्याची विद्युत वाहने पुरेशी आहेत.
* हंगामी शेतमाल: सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी यांच्या काळात माल एकदम बाजारात न्यावा लागतो. अंतर कमी असले तरी भार जास्त आणि फेऱ्या सलग असतात. चार्जिंगसाठी गाडी मध्येच दोन-तीन तास उभी ठेवल्यास त्या दिवसाचे भाडे बुडते. येथे दीड टनापुढील डिझेल पिकअपच सोयीची ठरते.
* लांबचे भाडे: परभणीपासून नांदेड सुमारे ७५ किलोमीटर आहे, पेडगावहून जाऊन-येऊन हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या पुढे जाते. छत्रपती संभाजीनगर त्याहून बरेच दूर आहे. वाटेत जलद चार्जिंगची खात्री असल्याशिवाय अशी भाडी विद्युत गाडीला घेता येत नाहीत.

गावातील पिकअपमालक ही तिन्ही कामे एकाच गाडीवर करतो आणि वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा हंगामातील काही आठवड्यांत मिळवतो. म्हणून वर्षातील बहुतेक दिवस विद्युत गाडी पुरेशी ठरली, तरी उरलेल्या दिवसांसाठी तो डिझेल गाडीच पसंत करतो. रोजची फेरी हाच ज्यांचा मुख्य व्यवसाय आहे, अशा दूध संकलक, भाजी विक्रेते, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि घरपोच वितरक यांच्यासाठी मात्र हिशेब वेगळा आहे. त्यांची धाव वर्षभर सारखी असते आणि वरील गणितानुसार किमतीतील फरक लवकर भरून निघतो.

### वीजपुरवठा आणि चार्जिंग

२१.३ किलोवॅट-तासांची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरण्यास सुमारे साडेसहा तास लागतात. ग्रामीण घरगुती जोडणीचा मंजूर भार अनेकदा याहून कमी असतो. तो वाढवून घ्यावा लागतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या जोडणीवर स्वतःचे वाहन चार्ज करता येते. परंतु महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत. रोज १५ युनिट वापरणारी गाडी महिन्याला ४५० युनिटांची भर घालते आणि संपूर्ण घराचा वापर महागड्या टप्प्यात नेते. त्यामुळे चार्जिंगसाठी असलेल्या वेगळ्या दराची स्वतंत्र जोडणी घेणे बहुधा स्वस्त पडते.

शेतीपंपाची वीज सवलतीच्या दराची असून ती फक्त शेतीसाठी असते. तिच्यावर वाहन चार्ज करता येत नाही. शेतीवाहिन्यांवर तीन फेज पुरवठाही मोजकेच तास आणि आळीपाळीने दिवसा किंवा रात्री मिळतो. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. पिकअपचे बाजाराचे काम पहाटे आणि सकाळी आटोपते, त्यामुळे दुपारी उभ्या असलेल्या गाडीसाठी छतावरील सौर पॅनेल हा सोयीचा स्रोत ठरू शकतो.

### रस्ते

मराठवाड्यातील काळ्या मातीत पावसाळ्यात पाणंद रस्ते चिखलाने भरतात. मोटरची सुरुवातीची ओढ येथे उपयोगी पडते. मात्र हौद्याखालची बॅटरी दगडावर आपटण्याचा धोका असतो आणि गाडीची जमिनीपासूनची उंची महत्त्वाची ठरते. आयपी-६७ दर्जाची बॅटरी धूळ आणि काही काळ पाण्यात बुडणे सहन करते. पुराच्या पाण्यातून गाडी नेण्याची ती मुभा नव्हे.

## पर्यावरणीय परिणाम

विद्युत पिकअप धूर सोडत नाही आणि तिचा आवाज कमी असतो. भाजी मंडई, बाजार समिती आणि दाट वस्तीच्या ठिकाणी याचा थेट लाभ होतो. तिला लागणारी वीज मात्र महाराष्ट्रात अद्याप मोठ्या प्रमाणावर कोळशापासून तयार होते. परभणीच्या शेजारील बीड जिल्ह्यातील परळी येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे.

भारतीय वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक टन वर्गातील गाडीस दर किलोमीटर ०.२ युनिट लागते असे धरल्यास उत्सर्जन १४० ग्रॅमच्या आसपास येते. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला १४ किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी तो दर किलोमीटर सुमारे १९० ग्रॅम होतो. म्हणजे आजच्या वीजजाळ्यावरही घट आहे, पण ती साधारण पाव हिश्श्याची आहे. सौर वीज वापरल्यास ती कितीतरी अधिक होते. बॅटरीच्या निर्मितीतील उत्सर्जन यात धरलेले नाही. वापरलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२’ नुसार उत्पादकाची जबाबदारी आहे.

## भवितव्य

महाराष्ट्रात वाहननिर्मितीची मोठी केंद्रे आहेत. पुणे-चाकण आणि नाशिक यांच्या जोडीला मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगरचा पट्टा पुढे येत आहे. टोयोटा किर्लोस्कर मोटरने जुलै २०२४ मध्ये तेथील कारखान्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. निर्मिती जवळ आल्यास सुटे भाग, सेवा केंद्रे आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध होण्यास मदत होते.

ग्रामीण भागात विद्युत पिकअपचा प्रसार पुढील बाबींवर अवलंबून राहील.

* दीड टनापुढील भारक्षमतेची, डिझेल पिकअपच्या किमतीशी जुळणारी वाहने;
* एन-१ गटासाठी केंद्रीय प्रोत्साहन, किंवा राज्याच्या १५ टक्के सवलतीची वेळेवर अंमलबजावणी;
* तालुक्याच्या बाजार समित्या आणि महामार्गांवर खात्रीचे जलद चार्जिंग;
* बॅटरीची उरलेली क्षमता प्रमाणित करून देणारी सोय, जेणेकरून जुन्या गाड्यांची किंमत आणि कर्जाचे तारण ठरवता येईल.

यांपैकी पल्ल्याचा प्रश्न रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांपुरता सुटलेला आहे. भार, भांडवल आणि पुनर्विक्री यांचे प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहेत. त्यामुळे नजीकच्या काळात गावात विद्युत पिकअप डिझेल गाडीला हटवून येण्याऐवजी तिच्या जोडीने, दूध, भाजी आणि पार्सल यांसारख्या नित्य वाहतुकीत प्रथम स्थिरावण्याची शक्यता अधिक आहे.

## हे सुद्धा पहा

* विद्युत वाहन
* लिथियम-आयन बॅटरी
* टाटा एस
* महावितरण
* परभणी जिल्हा